भावसुनेच्या वाडग्यातली शिकार

भागरथा,

नाव घेतलं आणि आधी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं की काय म्हणून. कोणी नाही. तुझी जाऊ, माझी सुभद्रा, नाल्यावर मोठी भांडी घासायला गेली आहे, महादेव सोयऱ्यांना चांद्याच्या मोटारीत बसवून द्यायला गेला आहे. काल तुझं तिखट झालं. तेरवीचं गोड जेवण झालं की दुसऱ्या दिवशी आपल्यात मटणाचा घास खाऊन दुखवटा मोडतात, ते तिखट. दुखवटा मोडला असं सगळे म्हणून गेले. माझा काही मोडला नाही. आणि खरं सांगू का, दुःखापेक्षा लाजच जास्त वाटून राहिली आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी तुझा भासरा, तुझ्या नवऱ्याचा, महादेवाचा थोरला भाऊ. भासऱ्यानं भावसुनेशी बोलू नये, तिच्या तोंडाकडे पाहू नये, तिची सावली पडली तर बाजूला व्हावं, हा आपल्या घरचा रिवाज. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी अंगणात पाय टाकायच्या आधी खाकरायचो आणि तू पदर ओढून भिंतीआड व्हायचीस. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं जेवलो, पण तुझे डोळे कसे होते ते मला सांगता यायचं नाही. पाय ठाऊक आहेत, कारण माझी नजर तिथवरच जायची. आवाज ठाऊक आहे. बाप्पा, आवाज तर साऱ्या गावाला ठाऊक होता!

बोलायचं नाही म्हणजे भांडायचं नाही असं थोडंच आहे? आपण भांडलो ते मोऱ्याच्या तोंडून. मोऱ्या आपला तांबडा बैल. एकदा गोठ्याचं फाटक उघडं राहिलं आणि वासरू बाहेर गेलं. मी मोऱ्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणालो, "काऊन रे मोऱ्या, फाटक कोणी उघडं टाकलं? तुह्या बापानं?" भिंतीआडून तू सुभद्रेला म्हणालीस, "बाई, मोऱ्याले सांगा, फाटकाची कडी कवाची मोडली हाय. घरात मानूस असन तं बसवून घे म्हणा." सुभद्रा दोघांच्या मधे उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. मला राग आला होता आणि हसूही येत होतं. कडी मी त्याच दिवशी बसवली.

तेव्हापासून ती वहिवाटच पडली. मला काही सांगायचं असलं की मी मोऱ्याला सांगायचो, तुला काही सांगायचं असलं की तू सुभद्रेला. मोऱ्या बिचारा कान हलवत रवंथ करायचा.

मालगुजाराची जमीनदारी मोडली त्या साली तुझा भाऊ ते ससे घेऊन आला. तो आलापल्लीकडे डाकबंगल्यावर खानसामा होता. तिथल्या साहेबाची बदली झाली, साहेब सामान घेऊन गेला आणि ससे टाकून गेला. एक नर, दोन माद्या, बांबूच्या टोपलीत. पांढरे, अंगावर तांबूस ठिपके, कान हातभर लांब. सुभद्रा म्हणाली, "अगे माय! हे ससे हायेत का मांजरं?" मी तर ओसरीवर बसून मोठमोठ्यानं हसलो. या पंचक्रोशीत ससा म्हटलं की माझं नाव निघायचं. संध्याकाळी जाळं खांद्यावर टाकून जावं आणि सकाळी दोन ससे काठीला लटकवून वेशीतून यावं, बायांनी दारातून पाहावं, पोरांनी मागे पळावं. सदाशिवभाऊच्या घरचा सशाचा रस्सा खाल्ला नाही तो सोयरा कसला, अशी बोली होती. त्या घरात ससे पाळायचे म्हणजे कोळ्याच्या घरी मासे टाक्यात ठेवण्यासारखं झालं. मी मोऱ्याला म्हणालो, "मोऱ्या, आता आपल्या घरी वाघ बी टोपलीत येईन."

दुसऱ्या दिवशी परसात तुझी कुदळ चालू झाली.

आपलं पहिलं मोठं भांडण त्या वाडग्यावरून, सशांना कोंडायच्या कुंपणावरून. माझं म्हणणं, साहेब ठेवायचा तसे पेटीत ठेवा, चार पाय लावून जमिनीपासून उंच. तुझं म्हणणं, नाही, मातीवरच. "बाई, त्याहिले सांगा, पेटीत राहून राहून याहिच्या पायाले फोड आलेत. जनावराचे पाय मातीले लागले पायजे. मातीवर राहीन तं आपलं गवत आपण खाईन, आपलं बीळ आपण करीन." मी म्हणालो, "मोऱ्या, मातीवर ठेवला तं ससा पहाटेपर्यंत उकरून तेलंगणात पोचते. आन नाई पोचला तं कोल्हा त्याले पोचवते." तू म्हणालीस, कोल्ह्याचं मी पाहून घेईन. मला ती भाषा आवडली नाही. कोल्ह्याचं पाहून घेणारी ही कोण, असं वाटलं. पण रात्री जेवताना मीच, कोणी विचारलं नसताना, मोऱ्या गोठ्यात असताना, भिंतीकडे तोंड करून बोललो की कोल्हा उकरतो तो कुडाच्या बुडाशीच. दोन हात मागे सरून तिथून खणावं एवढी अक्कल त्याला देवानं दिली नाही.

तू ते बरोबर ऐकलंस. नाल्यातून चपटे दगड डोक्यावर आणलेस. बांबूचा कुड घातलास, कमरेइतका उंच, बोट जाणार नाही इतका दाट, आणि त्याच्या बाहेरून दोन हात रुंदीचा दगडाचा पट्टा टाकलास, आतूनही तसाच. मधे मातीचा उंचवटा केलास, तळाशी दगड, म्हणजे सशांनी बीळ करावं पण खालून निघून जाऊ नये. पश्चिमेला तणसाचं छप्पर. पहिल्याच आठवड्यात कोल्हा आला. सकाळी मी परसात गेलो तर कुडाशी दगडावर नखांचे ओरखडे होते आणि आत तिन्ही ससे कान उभे करून बसलेले. मी तिथंच उभा राहून हसलो, आणि मागं तुझ्या बांगड्या वाजल्या. तूही पाहायला आली होतीस. मी खाकरून निघून गेलो. शाबास म्हणायला जीभ वळली नाही. मोऱ्या नव्हता ना तिथं.

ससे वाढले. सशांना काय, वाढणं एवढंच काम. पहिल्या पावसाळ्यात मात्र पिल्लं पोट फुगून मेली, एकामागून एक. मी म्हणालोच, पाय मातीला लावा! तू रडली नाहीस. तू ती ओली जमीन हुंगलीस म्हणे, सुभद्रेनं सांगितलं. मग वाडग्याच्या मधून आडवा कुड घातलास आणि दोन भाग केलेस. एका भागात ससे, दुसरा भाग पडीक ठेवायचा, उन्हात तापू द्यायचा, लेंड्या उचलून वांग्याच्या वाफ्यात टाकायच्या, मग फिरवाफिरव. पावसाळ्यात गवत कापून आधी ओसरीवर सुकवायचीस आणि मगच टाकायचीस. पुढच्या पावसाळ्यात मरतुक थांबली. आपण धानाच्या बांध्या पडीक टाकतो ते डोक्यात ठेवून केलंस की आणखी कशावरून, मला विचारायचं होतं. राहून गेलं.

आणि ते जाळं. त्याची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो. वरून ससाणा यायचा, पिल्लू उचलायचा. तू निरोप धाडलास, "बाई, त्याहिचं जुनं जाळं खुंटीले लटकून हाय. वरून टाकाले दिलं तं बरं होईन." मी ताडकन उठलो. "शिकारीचं जाळं कुंपणाले? उद्या म्हणतीन, कुऱ्हाड लोणचं कापाले द्या!" हे मोऱ्याला नाही म्हणालो, सरळ दाराकडे पाहून ओरडलो, रिवाज बिवाज विसरून. तू बोराटीचे काटे आणून वरून टाकलेस. काढताना घालताना हात रक्तबंबाळ व्हायचे. सुभद्रा हळद लावायची आणि माझ्याकडे बघायची. मी पान जुळवत बसायचो.

आता जे लिहायचं ते लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो.

शेतात डुकरं येतात म्हणून मचाणावर बसलो होतो, उतरताना पाय निसटला. गुडघा गेला. पुढे हाड जुळलं, पण वाकडं. धावणं संपलं, ओणवं होऊन जाळं लावणं संपलं. हे कोणाला सांगितलं नाही. लंगडतो ते दिसत होतंच, पण शिकार संपली असं तोंडातून काढलं नाही. अशात वैशाखात माझा मामा आला, कवडूमामा, जिभेचा मोठा लाडावलेला माणूस. येताच ओसरीवर बसून म्हणाला, "सदाशिव, रस्सा खाल्ल्याबिगर जात नाई." सुभद्रा आत गेली. थोड्या वेळानं तिनं मला परसदारी बोलावलं. उंबऱ्यावर एक टोपली होती, वरून फडकं झाकलेलं. तू तिथं नव्हतीस, टोपली ठेवून केव्हाच आत गेली होतीस. मी टोपली उचलली, गोठ्यामागे गेलो, कापून साफ करून आणलं.

मामा जेवला. बोटं चाटत म्हणाला, "पाय गेला, पन हात नाई गेला भाऊचा!" मग जरा थांबून, "लय मऊ लागते बे. रानातला ससा इतका मऊ?"

मी म्हणालो, "कोवळा होता मामा."

एवढंच बोललो. भिंतीआड तू ताटं पुसत होतीस, तो आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्या वेळेला 'भावसुनेनं पोसला' म्हणालो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही म्हणालो. मग दुसरा सोयरा आला, मग तिसरा. पोळ्याला, दिवाळीला, सुभद्रेच्या माहेरचे आले तेव्हा, प्रत्येक वेळी उंबऱ्यावर टोपली. मी सांगायचो, काल पहाटे नाल्याच्या पलीकडे सापडला. एकदा तर मी सगळी शिकारच रंगवून सांगितली, कसा पळाला, कसा वळला, कसा जाळ्यात आला. लोक वा वा करत होते. आणि तो ससा ज्या बाईनं हातानं गवत घालून वाढवला, ती बाई आत माझ्यासाठी भाकरी थापत होती. शरमेनं मरायला हवं होतं मी. उलट दुसरी भाकरी मागितली.

लोकांना वाटेल, तू मुकाट्यानं रडत असशील, सशांचा लळा लागला असेल. असलं काही नव्हतं. तू चांगली खमकी होतीस. "ज्याले खायचं त्याचं नाव ठेवू नाई," म्हणायचीस, आणि एकाही सशाचं नाव ठेवलं नाहीस. काळीज तुला आवडायचं. सुभद्रा ते तुझ्यासाठी आधीच बाजूला काढायची. खायचे ते एका बाजूला, वितीच्या, म्हणजे पिल्लं देणाऱ्या, माद्या एका बाजूला, असा तुझा हिशेब पक्का होता. टोपलीत कधी चुकीचा ससा आला नाही. मला तर कधी प्रश्नच पडला नाही की ही निवडते कशी. टोपली यायची, मी उचलायचो.

महादेव माजरीच्या खाणीवर लागला तेव्हा तुला तिकडे नेतो म्हणत होता. दोन खोल्या मिळत होत्या. तू नाही म्हणालीस. तुझं म्हणणं सुभद्रेकडून कानावर आलं, तिथं सगळी कोळशाची भुकटी, ससे कुठी ठेवू? मी मोऱ्याला म्हणालो, "सशासाठी नवरा सोडून राह्यली, पाह्य बरं." आणि मनातून हायसं वाटलं. का हायसं वाटलं ते तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. वैशाख जवळ येत होता ना, सोयरे यायचे होते.

या पावसाळ्यात तुला ताप धरला. आधी आपण काढा दिला, मग ताप काही उतरेना, तेव्हा गोंडपिपरीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. महादेव माजरीला. घरात माणूस मी एकटा. सुभद्रेनं तुला गाडीत तणसावर निजवलं, वरून चादर ताणली, आणि मी पुढे तुझ्याकडे पाठ करून बसलो. मोऱ्या आणि दुसरा बैल चालू लागले. सगळी वाट चिखल. मी बोलत राहिलो. मोऱ्याशी. "हळू रे मोऱ्या, मागं मानूस हाय. आता चढ येईन. आता नाला येईन, पानी गुडघ्याइतकं हाय, भिऊ नको." तू अधूनमधून हुंकार द्यायचीस. कोणाला द्यायचीस ते आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं.

नाला ओलांडल्यावर तू सुभद्रेला म्हणालीस, "बाई, त्याहिले सांगा, वाडग्याचा इकडचा भाग ओला झाला हाय. ससे कोरड्या बाजूले हलवाले लागतीन." सुभद्रेनं तोंड उघडायच्या आधीच मी म्हणालो, "हाव."

मोऱ्याला नाही. पाठ तशीच होती, पण ते हाव तुला होतं. तू ऐकलंस का? सुभद्रा म्हणते, हसली. स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगते की मला, देव जाणे. आणखी कितीतरी बोलता आलं असतं त्या वाटेवर. गाडीत तिघंच होतो. रान ऐकणार होतं? मी पुन्हा बैलाशी बोलायला लागलो.

तू त्या दवाखान्यातूनच गेलीस. जिवंतपणी तुझ्यावर सावली पडू दिली नाही, आणि तिरडीला मात्र खांदा दिला, लंगडत, मधेच थांबत. लोक म्हणाले, भासरा असावा तर असा. हे बोल ऐकून घेतले मी. एवढा निगरगट्ट आहे.

घरी आल्यावर वाडग्याकडे गेलो. तू सांगितलं होतंस, कोरड्या बाजूला हलवा. मी सगळे ससे उचलले आणि कोरड्या बाजूला टाकले. सगळे. खायचे, वितीच्या, नर, सारे एकत्र. तू ज्यांना इतकी वर्षं वेगळं ठेवलंस त्यांची मी सकाळच्या वेळेत खिचडी करून टाकली, आणि वर समाधान वाटलं की भावसुनेचा शब्द पाळला. मग ते जाळंही खुंटीवरून काढलं आणि वाडग्यावर ताणलं. चांगलं बसलं. तुझे हात फाटून झाल्यावर, तू जळून झाल्यावर बसलं. उशिरा सुचलेलं शहाणपण.

तिखटाच्या आदल्या दिवशी सुभद्रेनं विचारलं, "उद्याले ससे काढाले लागतीन. कोणते काढू?"

"तुले नाई ठाऊक?"

"मले का ठाऊक? तीच पाहे नं सारं."

मी वाडग्यात शिरलो. दार तुझ्या मापाचं, मला गुडघा धरून जवळजवळ सरपटत जावं लागलं. आत ससे इकडून तिकडे पळायला लागले. मी जन्मभर ससे मारले, भागरथा, आणि नर कोणता, मादी कोणती, पोटुशी कोणती, मला ओळखता येईना. रानात पळत्या सशाला कोण विचारतं, तू बाप का माय? जाळ्यात आला तो ससा. इथं हातात घेऊन पाहू लागलो तर सगळे सारखेच वाटले. शेवटी जे जाड दिसले ते घेतले. जाड म्हणजे खायचा, असं धरलं मी. शहाणा!

गोठ्यामागे बसून कापले. दुसऱ्याचं पोट फाडलं आणि हात थांबला. आत पिल्लं होती. बोटभर, गुलाबी, डोळे मिटलेली, ओळीनं. पहिलीचं पोट पुन्हा पाहिलं, त्यात पिल्लं नव्हती. तिसरीही पोटुशीच निघाली. मी तिथं मातीत बसून राहिलो. तुझ्या हातून इतक्या वर्षांत एकदाही झालं नाही ते, मी, सदाशिवराव शिकारी, तुझ्याच तिखटाला करून बसलो. सुभद्रा आली, पाहिलं. तिनं पिल्लं पळसाच्या पानात गुंडाळली आणि वांग्याच्या वाफ्याशी खड्डा करून पुरली. उरलेलं मटण रांधायला नेलं. पाहुणे बोलावलेले होते, रांधावं तर लागणारच होतं.

तेव्हाच ठरवलं, उद्या पंगतीत बोलायचं. सगळ्यांसमोर. नाक कापलं गेलं तर जाऊ दे. तुझं नाव कोणीतरी कुठेतरी त्या रश्श्याला लावलं पाहिजे. ते मीच लावायला हवं होतं, इतक्या वर्षांत.

काल पंगत बसली. अंगणभर सोयरे, पत्रावळी मांडलेल्या. महादेव माझ्या शेजारी, खाली मान घालून. कवडूमामा समोर. रस्सा वाढला, मामानं पहिला घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "भावसुनेच्या तिखटाले बी भाऊनं रान सोडलं नाई. शिकार आणलीच. असा भासरा भेटाले नशीब लागते!"

मी उठलो. खांब धरला. म्हणालो, "मामा, ही शिकार नाई. हे तिच्या वाडग्यातले ससे. आज बी, आन आजवर माह्या घरी तुमी जे जे खाल्लं ते बी. पाय गेल्यापासून मी एक ससा मारला नाई. तिनं पोसले, मी कापले, आन नाव मी घेतलं. मी खोटं बोलत होतो."

कोणाचाही घास तोंडात गेला नाही. मी वाट पाहत उभा राहिलो, कोणी शिवी देईल, कोणी थुंकेल. पोट धरून हसतील असं तर पक्कं वाटलं होतं. त्याची तयारी करून उठलो होतो मी.

मामा म्हणाला, "बस बाबा. ठाऊक हाय आमाले."

"कवापासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. रानातल्या सशाचं मटण काळसर अस्ते, हे कोंबडीवानी पांढरं. मी का आंधळा हाय? मागं पानी प्याले गेलो तं पोरगी वाडग्यात गवत टाकत होती. पदर ओढून पाया पडली माह्या. म्हणे, मामाजी, एवढं पोटात ठेवा. त्याहिचा पाय गेला, नाव तं राहू द्या."

पंगतीच्या टोकाकडून सुभद्रेचा भाऊ हळूच म्हणाला, "मले बी असंच म्हणली होती." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "मले बी." शेजारच्या म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. मी महादेवाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. त्यालाही ठाऊक होतं. सुभद्रा रश्श्याचं भांडं घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

म्हणजे इतकी वर्षं मी ओसरीवर बसून शिकार रंगवत होतो, आणि समोर बसलेले सगळे, एकूण एक, तुझ्या शब्दाखातर वा वा म्हणत होते. आणि काल, तू राख झाल्यावरही, मामा तुझाच शब्द पाळत होता.

मी खाली बसलो. सुभद्रेनं माझ्या पत्रावळीत वाढलं. सगळे मुकाट्यानं जेवू लागले, माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, मला लाज वाटू नये म्हणून. एकजण जरी हसला असता ना भागरथा, तर मला तो घास गिळता आला असता.